मोटारगाडीतील चालकस्थान व पेडलरचना

मोटारगाडी चालविताना चालकाचे शरीर आसन, सुकाणू चक्र व पायांखालील पेडले या तीन आधारांच्या दरम्यान ज्या स्थितीत राहते, तिला चालकस्थान म्हणतात. पेडल म्हणजे पायाने दाबावयाची तरफ होय. हाताने गिअर बदलावयाच्या गाडीत डावीकडून उजवीकडे क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटर अशी तीन पेडले असतात. गिअरपेटी स्वयंचलित असल्यास क्लचचे पेडल नसते. आसन पुढेमागे सरकविता येते व काही गाड्यांत सुकाणू चक्रही वरखाली करता येते. पेडले मात्र बहुतेक गाड्यांत एकाच जागी पक्की बसविलेली असतात. त्यामुळे चालकाला पेडलांच्या जागेनुसार बसावे लागते. ही जागा गैरसोयीची असल्यास कंबर, गुडघे व घोटे यांवर ताण येतो, आणि घाईच्या क्षणी पाय भलत्याच पेडलावर पडण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात या रचनेचा इतिहास मुख्यत्वे जीप या वाहनाशी आणि तिच्या निर्मितीमुळे मुंबई व नाशिक या दोन शहरांशी निगडित आहे.

पेडलांचा क्रम : कार्ल बेन्झ यांनी १८८६ मध्ये एकस्व घेतलेल्या तीनचाकी गाडीत दिशा बदलण्यासाठी दांडा आणि गती देण्यासाठी व थांबविण्यासाठी हाताने ओढावयाची तरफ होती, पायांना जवळजवळ काम नव्हते. पुढे यंत्रणा वाढत गेली तशी हातांवरील काही कामे पायांकडे आली. परंतु कोणते काम कोणत्या पायाने करावयाचे, याविषयी बराच काळ एकमत नव्हते. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या गाडीत तीन पेडले होती. पण डावे पेडल गिअर बदलण्याचे, मधले मागे जाण्याचे व उजवे ब्रेकचे असे. एंजिनाचा वेग सुकाणू चक्राखालील छोट्या तरफेने हातानेच वाढवावा लागे. यूरोपातील कित्येक गाड्यांत ॲक्सिलरेटर क्लच व ब्रेक यांच्या मधोमध असे. एका गाडीवर शिकलेला चालक दुसऱ्या गाडीत बसला की, त्याच्या पायांची सवयच त्याचा घात करी.

क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटर हा आजचा क्रम कॅडिलॅक कंपनीच्या १९१६ च्या ‘टाइप ५३’ या गाडीत आढळतो. इंग्लंडमध्ये १९२२ साली आलेल्या ‘ऑस्टिन सेव्हन’ या स्वस्त व छोट्या गाडीने तो सर्वसामान्यांपर्यंत नेला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तो जवळजवळ सार्वत्रिक झाला. भारतातील शिकाऊ चालकांना तो उजवीकडून डावीकडे ‘ए, बी, सी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी शिकविला जातो. सुकाणू चक्र डावीकडे असो वा उजवीकडे, हा क्रम उलटत नाही; आणि पुढे सांगितलेल्या अनेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

उजवीकडील सुकाणू व पायांची जागा : भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात व चालक उजवीकडे बसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२० नुसार डावीकडे सुकाणू असलेले वाहन विहित प्रकारचे इशारासाधन असल्याखेरीज सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. जगातील बहुसंख्य देशांत मात्र रहदारी उजव्या बाजूने असल्यामुळे अनेक गाड्यांचा मूळ आराखडा डावीकडील सुकाणूसाठी तयार होतो व नंतर तो उजव्या बाजूसाठी फिरविला जातो.

असे करताना आसन, सुकाणू चक्र व दर्शकफलक यांची अदलाबदल आरशातील प्रतिमेप्रमाणे होऊ शकते. पेडलांचा क्रम मात्र तोच राहतो. पुढचे चाक वळण्यासाठी लागणारी मोकळी जागा चाकाच्या कमानीच्या रूपाने चालकाच्या पायाकडील पोकळीत शिरते. डावीकडील सुकाणूच्या गाडीत ही कमान डाव्या पायाजवळ येते. उजवीकडील सुकाणूच्या गाडीत ती नेमकी उजव्या पायाच्या, म्हणजे सतत दाबून धरावयाच्या ॲक्सिलरेटरच्या जागी येते. त्यामुळे ॲक्सिलरेटर, आणि त्याच्यामागोमाग ब्रेक व क्लचही, गाडीच्या मध्याकडे सरकवावे लागतात. तिकडे गिअरपेटीचा उंचवटा आडवा येतो. या दोन अडथळ्यांमध्ये तिन्ही पेडले दाटीने बसतात आणि डावा पाय टेकविण्यास जागा उरत नाही. चालकाचे खांदे व छाती सुकाणू चक्रासमोर सरळ राहतात, पण पाय तिरपे डावीकडे जातात. कमरेला पडणारा हा पीळ पाच-दहा मिनिटांत जाणवत नाही. चार-पाच तासांच्या प्रवासानंतर तो दुखण्याच्या रूपाने प्रकट होतो. काही यूरोपीय गाड्यांत तर ब्रेकची मुख्य यंत्रणा मूळच्या डाव्या बाजूलाच ठेवून उजवीकडील पेडल आडव्या दांड्याने तिला जोडण्याची तडजोड केलेली आढळते.

जीप : अमेरिकेच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीची ‘एमबी’ जीप १९४१ पासून सैन्यासाठी तयार होऊ लागली. विलिस व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. या जीपमध्ये चालकाचे आसन इंधनाच्या टाकीवर बसविलेले असे व ते पुढेमागे सरकत नसे. क्लच व ब्रेक यांची पेडले तळाच्या पत्र्यातून वर आलेली असत. एंजिन सुरू करण्याची कळ आणि दिव्याचा झोत खाली-वर करण्याची कळही पायानेच दाबावी लागे. युद्धातील तरुण सैनिकाने काही तास चालवावे, दुरुस्ती सोपी असावी व उंची कमीत कमी असावी, या अपेक्षांनी ही रचना ठरली होती. चालकाचा आराम हा तिचा हेतू नव्हता, आणि त्या परिस्थितीत ते स्वाभाविकच होते.

महिंद्र अँड महंमद ही कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली व १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. विलिस कंपनीच्या परवान्याने तिने मुंबईत माझगाव येथे सुट्या भागांपासून जीपगाड्यांची जोडणी सुरू केली. विलिसने १९५३ मध्ये बाजारात आणलेल्या ‘सीजे-३बी’ या नमुन्याची उजवीकडील सुकाणूची आवृत्ती पुढे भारतात कित्येक दशके तयार होत राहिली. अमेरिकेतील मूळ नमुना बंद झाल्यावरही येथे त्याचा वंश चालू राहिला. अशा रीतीने युद्धकाळात परदेशी सैनिकासाठी आखलेली बैठक बाजू बदलून महाराष्ट्रातील तहसीलदाराच्या, पाटबंधारे खात्याच्या व आरोग्य केंद्राच्या चालकाकडे आली. हा चालक ती गाडी काही तास नव्हे, तर नोकरीची वीस-पंचवीस वर्षे चालवीत असे.

नाशिक जिल्ह्यात या उद्योगाचा विस्तार १९८० च्या दशकात झाला. इगतपुरी येथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने डीझेल एंजिने बनू लागली, आणि नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात वाहनांची निर्मिती होऊ लागली. ‘बोलेरो’ (२०००) व ‘स्कॉर्पिओ’ (२००२) ही वाहने येथे तयार झाली. या वाहनांत शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर शरीर बसविलेले असते. त्यामुळे गाडीचा तळ उंच राहतो व एकंदर उंची मर्यादित ठेवावयाची असल्यास आसन आणि तळ यांतील अंतर कमी होते. चालकाला दूरवरचा रस्ता चांगला दिसतो, परंतु गुडघे वर येऊन मांड्यांना आसनाचा आधार कमी मिळण्याची शक्यता असते. याच कारखान्यात २००७ पासून रेनॉ कंपनीच्या सहकार्याने ‘लोगान’ ही गाडी बनू लागली. रोमानियातील डाचिया कंपनीने २००४ मध्ये डावीकडील सुकाणूसह बाजारात आणलेल्या या गाडीची भारतासाठी उजवीकडील सुकाणूची आवृत्ती करण्यात आली. रेनॉ या भागीदारीतून २०१० मध्ये बाहेर पडल्यानंतर ती ‘व्हेरिटो’ या नावाने विकली गेली. जीपच्या परंपरेतील ‘थार’ या वाहनाची २०२० ची नवी आवृत्तीही नाशिकला तयार होऊ लागली. बाजू बदललेला परदेशी आराखडा व भारतीय चालक यांचा मेळ घालण्याचे काम या एकाच शहरात अशा प्रकारे अनेक पिढ्यांच्या वाहनांवर झालेले आहे.

घाटरस्ते व प्रवासी जीप : सपाट व मोकळ्या रस्त्यावर पेडलांची गैरसोय सहन होते, घाटात ती लपत नाही. मुंबई–नाशिक मार्गावरील कसारा घाट चढताना गिअर वारंवार बदलावा लागतो, म्हणजे डावा पाय पुनःपुन्हा क्लचवर जातो. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून एंजिनाच्या विरोधानेच वेग रोखावयाचा असतो. ज्याला क्लच दाबणे त्रासदायक होते तो चालक गिअर बदलण्याचे टाळतो व केवळ ब्रेकवर विसंबून राहतो. ब्रेक सतत दाबल्यामुळे तापतात व त्यांची पकड क्षीण होते. पेडलाची अडनिडी जागा अशा रीतीने केवळ शारीरिक त्रासाचा प्रश्न न राहता सुरक्षिततेचा प्रश्न बनते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील प्रवासी जीपगाड्यांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ‘काळी-पिवळी’ वा ‘वडाप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यांत बसण्याच्या मर्यादेपेक्षा अधिक माणसे घेण्याची प्रथा दीर्घकाळ दिसून आली आहे. चालकाच्या शेजारी दोन-तीन प्रवासी, आणि कधीकधी त्याच्या उजव्या हाताला दाराशीही एक प्रवासी बसे. अर्ध्या आसनावर तिरपा बसलेला चालक एका कुल्ल्यावर भार देऊन दोन्ही पाय पेडलांकडे वळवी. सर्वोत्तम रचनेच्या गाडीतही अशा वेळी चालकस्थान नावाची गोष्ट उरत नाही. भाड्याच्या हिशेबात एका प्रवाशाची भर पडते. तिची किंमत चालकाची कंबर व सर्वांची सुरक्षितता यांतून दिली जाते.

शरीरमापे व आराखडा : यंत्र माणसाच्या मापाने असावे, हा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्र म्हणून दृढ झाला. अमेरिकी अभिकल्पक हेन्‍री ड्रायफस यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात स्त्री-पुरुषांची मापे अभिकल्पकांच्या उपयोगासाठी आकृत्यांच्या रूपात मांडली. मोटारनिर्मितीत १९६० च्या दशकापासून चालकाच्या खुब्याचा बिंदू हा आराखड्याचा आरंभबिंदू मानला जाऊ लागला. एका प्रमाणित पुतळ्याच्या साहाय्याने तो ठरवितात व त्यावरून पेडले, सुकाणू चक्र आणि डोळ्यांची पातळी यांची अंतरे काढतात. संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाचे विनियम क्र. ३५ हे पायाने चालवावयाच्या नियंत्रकांची मांडणी व त्यांमधील अंतरे यांविषयी आहे. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन व गुन्नार अँडरसन यांनी १९७० च्या दशकात केलेल्या मापनांवरून असे दिसून आले की, पाठ किंचित मागे टेकविली व कमरेच्या खोलगट भागास आधार दिला, तर मणक्यांमधील चकत्यांवरील दाब कमी होतो.

ही मापे मात्र प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील लोकांची होती. भारतीयांच्या शरीरमापांचा अभिकल्पनासाठी उपयोगी असा संग्रह देबकुमार चक्रवर्ती यांनी तयार केला व तो अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्पन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्हींतील तफावत लहान नाही. अपघात-चाचणीत वापरल्या जाणाऱ्या मध्यम पुरुषी पुतळ्याची उंची सु. १७५ सेंमी. असते, भारतीय पुरुषाची सरासरी उंची सु. १६५ सेंमी. भरते. त्याच मालिकेतील लहान स्त्री-पुतळ्याची उंची सु. १५० सेंमी. असून अमेरिकेतील सर्वांत ठेंगण्या पाच टक्के स्त्रियांचे तो प्रतिनिधित्व करतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सु. १५२ सेंमी. आहे. म्हणजे तिकडे जे टोकाचे माप समजले जाते, तेच येथे मध्यम माप ठरते. आसन पूर्ण पुढे घेऊनही क्लच तळापर्यंत दाबला न जाणे व आसनावर उशी घ्यावी लागणे हा अनेक स्त्री-चालकांचा अनुभव या तफावतीतून येतो. पेडलापर्यंत पोहोचण्यासाठी पुढे सरकलेला चालक सुकाणू चक्रातील हवापिशवीच्या फार जवळ येतो, हा त्यातील दुसरा धोका होय. चालकापुढील हवापिशवी भारतात जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांना सक्तीची झाली. ती फुगताना इजा होऊ नये म्हणून छाती व सुकाणू चक्राचा मध्य यांत सु. २५ सेंमी. अंतर राखावे, असे सांगितले जाते.

चुकीच्या पेडलावर पाय : ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे ही चूक अनुभवी चालकांकडूनही घडते. अमेरिकेत १९८० च्या दशकात ‘ऑडी ५०००’ ही गाडी आपोआप वेग घेते, अशा तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. तेथील शासकीय रस्ता-सुरक्षा यंत्रणेच्या १९८९ मधील अहवालात बहुतेक घटनांचे कारण चुकीचे पेडल दाबले जाणे हे असल्याचा निष्कर्ष निघाला. मात्र पेडलांची मांडणी चालकाच्या सवयीहून वेगळी असल्यास अशा चुकीची शक्यता वाढते, याकडेही त्यात लक्ष वेधण्यात आले. पुढे ब्रेक दाबल्याशिवाय गिअरचा दांडा उभ्या स्थितीतून न हलण्याची सोय स्वयंचलित गाड्यांत सर्रास आली. चालकाला दोष देऊन प्रकरण मिटविण्याऐवजी चूक होऊच नये अशी रचना करणे अधिक परिणामकारक असते, हे या प्रकरणावरून दिसून आले.

योग्य चालकस्थान : आहे त्या गाडीत बैठक लावताना सुरुवात पेडलांपासून करावी. प्रथम कुल्ले आसनाच्या मागील कोपऱ्यात पूर्ण टेकवावेत. नंतर क्लच तळापर्यंत दाबून आसन असे सरकवावे की, त्या स्थितीतही गुडघा किंचित वाकलेला राहील. पाय ताठ होत असल्यास आसन दूर आहे असे समजावे. स्वयंचलित गाडीत हीच कसोटी ब्रेकच्या पेडलावर लावावी. उजव्या पायाची टाच तळावर टेकलेली असावी व तिच्यावर पाऊल वळवून ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या दोहोंपर्यंत पोहोचता यावे. आसनाची उंची बदलता येत असल्यास रस्ता नीट दिसेल व मांड्यांना आधार मिळेल अशी ठेवावी. पाठ उभ्या रेषेपासून थोडी मागे असावी. खांदे टेकलेले असताना हात लांब केल्यास मनगट सुकाणू चक्राच्या वरच्या कडेवर यावे. आरसे सर्वांत शेवटी लावावेत, कारण बैठक बदलली की आरशांतील दृश्यही बदलते. उशी घ्यावी लागल्यास ती न घसरणारी व घट्ट असावी. सैल चपला, तसेच पेडलाखाली सरकणारे पायपुसणे टाळावे. वापरात नसताना डावा पाय क्लचवर ठेवू नये. त्याने पाय थकतो व क्लचही झिजतो. पेडले फार तिरपी असतील, तर वरील उपायांनी त्रास कमी होतो, नाहीसा होत नाही. दूरच्या प्रवासात मधूनमधून थांबून चालणे हाच त्यावर खरा उतारा ठरतो. गाडी विकत घेण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास ती स्वतः चालवून पाहणे यासाठीच इष्ट असते.

नवे बदल : तळातून वर येणाऱ्या पेडलांच्या जागी वरून लोंबणारी पेडले १९५० च्या दशकापासून रूढ होत गेली, त्यामुळे तळातील फटींतून येणारी धूळ व पाणी थांबले. द्रवीय यंत्रणेने क्लच हलका झाला, आणि ॲक्सिलरेटरचा एंजिनाशी असलेला तारेचा संबंध जाऊन विद्युत् संवेदकाने काम होऊ लागल्यामुळे पेडल कोठे बसवावे याचे बंधन सैल झाले. स्वयंचलित गिअरपेटीमुळे डावा पाय मोकळा झाला. विजेवरील गाडीत मोठे एंजिन व गिअरपेटीचा उंचवटा नसल्यामुळे पायांना अधिक मोकळी जागा देणे शक्य होते. तथापि चाकांच्या कमानी राहणारच, आणि शक्य झालेली जागा सामानाला द्यावयाची की चालकाच्या पायांना, हा निर्णयही माणसांनाच घ्यावा लागणार. पेडलांचा क्रम ठरविण्यास मोटारउद्योगाला सु. तीस वर्षे लागली. ती पेडले ज्याच्या पायाखाली येतात त्याचे माप आधी घेण्याची रीत त्या मानाने बरीच उशिरा आली.